बेल्ह्याहून समुद्राच्या तळाशी

स्कुबा डायव्हिंग म्हटलं की कॅरिबियन बेटांची निळीशार चित्रं डोळ्यांपुढे येतात. बोनेर, कोझुमेल, सेबा ही नावं पाण्याखाली जाणाऱ्यांच्या तोंडी सतत असतात. आम्ही बेल्ह्याची, जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाची माणसं. आणे पठाराच्या पायथ्याशी राहणारी, दिवाळी सरली की विहिरीचं पाणी किती पुरेल याचा हिशेब मांडणारी. आमच्यासाठी समुद्राचा तळ मालवणात आहे, एका रात्रीच्या प्रवासावर. घरच्यांना, भावकीतल्यांना, मित्रमंडळींना घेऊन मी तिकडे जात असतो. आता गावातली पोरं-पोरी विचारायला येतात, "आम्हालाही जायचंय, काय काय करावं लागेल?" त्यांना जे सांगतो, ते इथे क्रमाने मांडतो आहे.

१. आधी पिकाचं वेळापत्रक, मग पंचांग, मग बुकिंग.

सिंधुदुर्गातली जलक्रीडा पावसाळ्यात, साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत, बंद असते. त्यानंतरही नद्यांनी आणलेला गढूळपणा निवळायला वेळ लागतो. पाणी चांगलं मिळतं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. आपल्याकडे नेमक्या याच दिवसांत उन्हाळी कांद्याच्या लागणी असतात, आणि मार्च-एप्रिल काढणीत व बराखी भरण्यात जातो. म्हणून दिवाळीनंतरचे आणि लागणीआधीचे मोकळे दिवस धरावेत, नाहीतर लागण उरकल्यावर फेब्रुवारी गाठावा. सोमवारचा बाजार करून रात्री निघालं की आठवड्याच्या मधल्या दिवसांत बोटींवर गर्दी कमी सापडते. नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळावा.

तारीख ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. पाण्याला ओढ असते आणि तळाची वाळू ढवळते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी शांत राहतं आणि लांबचं दिसतं. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून बोट किती वाजता सुटणार हे आदल्या संध्याकाळी पुन्हा विचारून घ्यावं.

२. समुद्रासाठी एक दिवस राखून ठेवा.

अरबी समुद्रात पावसाळ्याच्या आधी आणि नंतर वादळं उठतात. ऑक्टोबर २०१९ मधलं क्यार आणि मे २०२१ मधलं तौक्ते कोकणाला अजून आठवतं. वादळ दूर असलं तरी लाटा किनाऱ्यापर्यंत येतात आणि बोटी बंद होतात. एकाच दिवसाचा बेत आखून गेलेला माणूस मग "एवढ्या लांबून आलोय, जाऊ द्या की" असा आग्रह धरतो, आणि तिथूनच धोका सुरू होतो. दोन मुक्काम असतील तर असा आग्रह धरावा लागत नाही.

जाण्याचे मार्ग दोन. रस्त्याने आळेफाटा, पुणे, कोल्हापूर आणि पुढे फोंडा घाट उतरून कणकवली, मालवण. रेल्वेने जायचं तर आळेफाट्यावरून माळशेजमार्गे कल्याण, तिथून ठाणे आणि मग कोकण रेल्वेने कणकवली, सिंधुदुर्गनगरी किंवा कुडाळ. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्याच दिवशी करून टाकावं.

३. एकदा पाहून यायचंय की शिकायचंय, हे घरून निघण्याआधी ठरवा.

मालवण, तारकर्ली, देवबाग परिसरात बहुतेक जण करतात ती ओळखीची डुबकी. प्रशिक्षक तुम्हाला धरून खाली नेतो, थोडा वेळ तळ दाखवतो आणि वर आणतो. तिला पोहता येण्याची अट नसते. शिकायचं असेल तर 'ओपन वॉटर' हा तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम आहे. पाडी या संस्थेच्या नियमांप्रमाणे त्यासाठी २०० मीटर न थांबता पोहता यावं लागतं, १० मिनिटं तरंगता यावं लागतं, आणि वय किमान १० वर्षं लागतं. तो पूर्ण करणाऱ्या मोठ्या माणसाला १८ मीटरपर्यंत जाण्याची परवानगी मिळते आणि ते कार्ड जगभर चालतं. बोनेरलाही आणि अंदमानलाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कुबा प्रशिक्षणाची संस्था उभी केली आहे. शिकताना पहिले धडे तलावात होतात, समुद्र नंतर येतो. गावातल्या ज्या पोरांना पाण्याचं वेड आहे, त्यांना मी शिकाच म्हणतो. कोकणातली कितीतरी मुलं याच विद्येवर घर चालवत आहेत.

४. विहिरीतली सवय विहिरीतच ठेवा.

आपण पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेली माणसं. विहिरीत श्वास कोंडून सूर मारायचा, तळाला पडलेली कळशी काढून आणायची, आणि जो जास्त वेळ खाली राहील तो शूर. स्कुबात याच्या नेमकं उलट वागायचं असतं. तिथला पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही.

कारण साधं आहे. दर १० मीटरला, म्हणजे आपल्या भाषेत जवळपास सहा परस खोलीला, पाण्यामुळे एका वातावरणाएवढा दाब वाढतो. विहिरीत आपण वरची हवा छातीत घेऊन खाली जातो. ती खाली दबते आणि वर आल्यावर मूळच्या मापाची होते, म्हणून इजा होत नाही. स्कुबात आपण खाली असतानाच, तिथल्या दाबाची हवा घेत असतो. १० मीटरवर छाती भरून श्वास कोंडला आणि तसंच वर आलं, तर ती हवा फुगून दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटू शकतं. दोन-तीन मीटरवरूनही असं घडू शकतं. म्हणून खाली जाताना, वर येताना, मासा बघताना, फोटो काढताना, श्वास चालूच ठेवायचा. संथ आणि लांब.

माझा चुलतभाऊ आमच्या वाडीतला सगळ्यांत पट्टीचा पोहणारा. उथळ पाण्यात सराव चालला होता आणि सवयीने तो थोड्या थोड्या वेळाने श्वास धरत होता. तोंडातल्या नळीतून बुडबुडे यायचे थांबले की प्रशिक्षक मुलगा त्याच्या छातीवर दोन बोटं टेकवायचा. शेवटी दोघे डोकं वर काढून उभे राहिले आणि तो मुलगा म्हणाला, "दादानू, श्वास रोखून धरू नकात. घेत रवा." बुडबुड्यांची ओळ सलग सुरू झाली तेव्हाच त्याने भावाला खोल पाण्याकडे नेलं. असा प्रशिक्षक मिळाला की निर्धास्त राहावं.

५. कान आणि तब्येत याबाबत खरं बोला.

विहिरीच्या तळाला कान दुखतात हे आपल्याला माहीत आहे. तिथे आपण ते सोसतो. समुद्रात सोसायचं नाही. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान मोकळे झाल्यासारखे वाटतात. दुखायला लागण्याच्या आधीच, दर हातभर खोलीला, हे करत राहायचं. मोकळे होत नसतील तर खूण करून थोडं वर यायचं. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नये.

बोटीवर चढण्याआधी एक तब्येतीचा कागद भरून घेतात. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन, गरोदरपण यांतलं काही असेल तर लपवू नका. घरूनच डॉक्टरांना विचारून निघा. आमच्याबरोबर आत्या येते. तिला दमा आहे. ती सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाते, किनाऱ्यावर बसते, आणि आल्यावर सगळ्यांकडून पाण्याखालचं सविस्तर ऐकते. सहलीतल्या प्रत्येकाने बुडी मारलीच पाहिजे असं नाही.

६. दर विचारण्याआधी बोट बघा.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. पाण्याखाली सुखरूप जाऊन आलेली माणसं किनाऱ्याच्या जवळ आल्यावर गेली. म्हणून मी गटातल्या प्रत्येकाला सांगतो: बोटीत पाय ठेवल्यापासून किनाऱ्यावर उतरेपर्यंत लाइफ जॅकेट अंगावर राहील, बंद लावलेलं.

काही प्रश्न सरळ विचारावेत. बोटीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का आणि किती माणसांचा? प्रशिक्षकाचं कार्ड बघू का? एका प्रशिक्षकामागे किती जण? बोटीवर प्रथमोपचाराचा ऑक्सिजन आहे का? पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटं आणि किती खोल? ज्याचं काम चोख आहे तो या प्रश्नांनी चिडत नाही. उत्तर टाळलं की पुढची बोट बघावी. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असं सगळे म्हणतात. खरं तर त्यात आपली रोजचीच हवा दाबून भरलेली असते. हवा साधारण ५० बार उरली की वर पोचलेलं असावं, म्हणून दाबाचा काटा वाचायला शिकून घ्यावं.

७. लहान गोष्टींची तयारी घरून करा.

मास्कमध्ये पाणी शिरण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे मिशी. मास्कची रबरी कड वरच्या ओठावर घट्ट बसावी लागते. जाड मिशी असेल तर तिथून पाणी झिरपतं. नाकाखालची थोडी जागा साफ ठेवावी किंवा तिथे व्हॅसलीन लावावं. चष्मा मास्कखाली चालत नाही. नंबरचा मास्क मिळेल का हे आधी विचारावं. बायकांनी पूर्ण बाह्यांचे, अंगाबरोबर बसणारे कपडे न्यावेत. ओढणी, साडी, सैल पंजाबी ड्रेस पाण्यात अडकतो. कपडे बदलायला नीट जागा आहे का, हे फोनवरच विचारा. माझ्या वहिनीचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि तो योग्यच आहे.

हातांच्या खुणा मुलांकडून घरीच पाठ करून घ्या. अंगठा वर केला की पाण्याखाली त्याचा अर्थ "मला वर न्या" असा होतो. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल दाखवायचा. कॅमेऱ्यासमोर हौसेने अंगठा दाखवणाऱ्याला प्रशिक्षक वर घेऊन येतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

८. तळाला हात लावू नका, माशांना पाव टाकू नका.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं पाणी १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्याचा भाग आहे. तिथे जे खडक दिसतात त्यांतले बरेच प्रवाळ आहेत, म्हणजे जिवंत प्राण्यांच्या वसाहती. वर्षाकाठी अनेक जातींची वाढ काही मिलिमीटर ते एखाद-दोन सेंटिमीटर असते. एका लाथेत दहा-वीस वर्षांची वाढ मोडते. भारतात २००१ पासून या प्रवाळांना वाघाइतकंच, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे. तुकडा उचलून आणणं गुन्हा आहे.

फोटोत मासे यावेत म्हणून पाण्यात पाव, बिस्किटं टाकली जातात. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे झुंडीने येतात, फोटो छान येतो. पण तेच मासे एरवी प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते स्वच्छ ठेवायला मदत करतात. पावाची सवय लागली की तिथला सगळा मेळ बिघडतो. "आमच्या बोटीवरून काही टाकू नका" असं गिऱ्हाइकानेच सांगितलं तर ते ऐकलं जातं. बोनेर बेटावर १९७९ पासून सागरी उद्यान आहे. तिथे येणाऱ्या प्रत्येक डायव्हरला आधी नियम समजावून घ्यावे लागतात, सरावाची डुबकी करून दाखवावी लागते आणि निसर्गशुल्क भरावं लागतं. हातमोजे घालायलाही बंदी आहे, म्हणजे कोणी प्रवाळाला धरणार नाही. ही शिस्त मालवणातही यावी असं मला मनापासून वाटतं, आणि ती यायला पर्यटकाने आधी सुरुवात करावी लागेल.

९. मालवणच्या माणसांशी कांद्याच्या लिलावासारखं वागू नका.

बोटीवरची बहुतेक मुलं मच्छीमारांच्या घरातली. वर्षातले काही महिनेच हा धंदा चालतो आणि त्यातही समुद्राने साथ दिली तर. आपला कांदा बाजारात पडल्या भावाने जातो तेव्हा काय वाटतं, ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे. सुरक्षेची साधनं नीट असतील तर योग्य दर देऊन मोकळं व्हावं. पहाटे लवकर उठून किनाऱ्यावर रापण, म्हणजे माशांचं मोठं जाळं, ओढताना बघावी. सगळी वाडी दोराला लागलेली असते.

आणि किल्ला चुकवू नये. शिवनेरीच्या तालुक्यातून गेलेल्या माणसाने सिंधुदुर्ग बघितलाच पाहिजे. १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. पाण्यासाठी बोअरवर बोअर घेणारा आमच्याकडचा शेतकरी त्या विहिरींपाशी बराच वेळ उभा राहतो.

१०. बुडी पहिल्या दिवशी, घाट शेवटच्या दिवशी.

दाबाखाली श्वास घेतला की नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि तो बाहेर पडायला वेळ लागतो. लवकर उंचीवर गेलं तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे दुखण्यापासून गंभीर इजेपर्यंत काहीही होऊ शकतं. विमान प्रवासासाठीचा सर्वमान्य संकेत असा: एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास थांबावं. आपलं बेल्हे समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या वर आहे आणि परतीच्या वाटेवर घाट चढावाच लागतो. उथळ ओळखीच्या डुबकीत धोका फारच कमी. तरी अभ्यासक्रम करणाऱ्यांनी हे तास पाळावेत आणि बाकीच्यांनीही त्या रात्री मुक्काम करावा. मुक्कामाला जेवण असतंच. आमच्यातले मासे न खाणारे माळकरीही सोलकढी आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाऊन तृप्त असतात.

कॅरिबियनला जाण्याची ज्याची ऐपत आहे त्याने जरूर जावं. पण त्याआधी मालवणच्या पाण्यात उतरून श्वास घ्यायला शिकावं. येत्या दिवाळीनंतर ज्यांना जायचं असेल त्यांनी आत्तापासून रोज पोहायला लागा, घरच्यांशी बोला, तब्येत तपासून घ्या. आणि समुद्रात उतराल तेव्हा तिथलं काहीही मोडू नका, काहीही आणू नका.