टाकणे आणि भरवणे : गांडूळपेटीचा पाठ



घरोघरी गांडूळपेटी ठेवावी असा विषय आमच्या इंदूरच्या महिला मंडळात निघाला, तेव्हा एका वडीलधाऱ्या भगिनीने आम्हांला सरळच विचारले, "भाऊ, कचऱ्याची गाडी दारात येते. ओला कचरा तिच्यात घालायचा सोडून घरात किडे कशाला पाळायचे?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर पाठाच्या शेवटी आपण देऊ. आधी गांडुळाची ओळख करून घेऊ. कारण ही ओळख नसताना पेटी मांडली, तर काय होते हे आम्ही स्वतःच्या घरात पाहिले आहे.

पाठाचा उद्देश : स्वयंपाकघरातील उरलेसुरले गांडुळांना किती, केव्हा व कसे द्यावे हे समजून घेणे, आणि टाकणे व भरवणे यांतील फरक ओळखणे.

१. ढीग आणि पेटी

कुजवून खत करण्याच्या बाबतीत इंदूरचे नाव जगभर झाले आहे. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड हे इंदूरच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' या संस्थेचे संचालक होते. पुढे त्याच जागी कृषी महाविद्यालय झाले. हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड या दोघांनी मिळून शेतातील टाकाऊ पदार्थांवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले, ते १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्यात सांगितलेल्या रीतीलाच 'इंदूर पद्धत' म्हणतात. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचायचे, ओल राखायची, ठराविक दिवसांनी ढीग उलथायचा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. त्यात एका मराठी माणसाचा हात होता, याचा आपणांस आनंद वाटावा.

परंतु येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. अशा मोठ्या ढिगाच्या पोटात चांगलीच उष्णता निर्माण होते. हात घातला तर चटका बसावा इतकी. ढिगाला ती उष्णता हितकारक असते, तीत तणाचे बी व रोगजंतू मरतात. गांडुळाला मात्र तीच उष्णता प्राणघातक होते. पस्तीस अंशांच्या वर तापमान गेले की आपल्या पेटीतील बहुतेक गांडुळे तग धरीत नाहीत. म्हणून ढिगाचा नियम पेटीला लावू नये. ढीग म्हणजे भट्टी आहे. पेटी म्हणजे घर आहे.

२. गांडूळ खाते तरी काय?

आपल्याला वाटते की आपण बटाट्याची साल टाकली आणि गांडुळाने ती कुरतडून खाल्ली. गांडुळाला दातच नाहीत. ताज्या सालीचे त्याला काहीच करता येत नाही. साल पडून राहते, तिच्यावर सूक्ष्म जंतू व बुरशी वाढते, ती मऊ पडते. मग ते कुजके मऊ द्रव्य, त्यावरील जंतूंसह, गांडूळ ओढून घेते. पोटात गेलेल्या बारीक वाळूच्या कणांनी ते जात्यासारखे दळले जाते. मागून जे बाहेर पडते तेच आपले काळेभोर खत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गांडुळापुढे जेवण वाढणारे खरे आचारी हे डोळ्यांना न दिसणारे जंतू आहेत. त्यांना त्यांचा वेळ लागतो. आपल्या घरात कचरा किती निघाला, यावर त्यांची गती ठरत नाही.

आणखी काही गोष्टी. गांडुळाला डोळे नाहीत, तरी उजेड त्याच्या कातडीला कळतो व तो त्याला सोसत नाही. त्याला फुप्फुसे नाहीत. ते ओल्या कातडीतून श्वास घेते. कातडी सुकली तर ते गुदमरते, आणि पेटीत पाणी साचून हवा कोंडली तरीही गुदमरते. प्रत्येक गांडुळात नर व मादी दोन्ही असतात, तरीही बहुधा जोडीदार लागतोच. त्यांची अंडी लिंबाच्या आकाराच्या बारीक कोशात असतात व एका कोशातून अनेकदा दोन-तीन पिले निघतात. गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळे होतात, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती खोटी आहे. मुलांना हे आवर्जून सांगावे.

शेतात नांगरामागे दिसणारी सगळीच गांडुळे पेटीत जगत नाहीत. खोल मातीत बिळे करणारी जात निराळी, आणि वरच्या पालापाचोळ्यात राहणारी निराळी. पेटीसाठी ही दुसरी जात हवी. आपल्याकडे आयसेनिया फेटिडा ही तांबूस जात बहुधा विकत मिळते. परसातली गांडुळे खणून आणून पेटीत कोंडू नयेत.

३. पेटी मांडणे

फळांची लाकडी खोकी किंवा प्लॅस्टिकचा टब चालतो. खोली एक फुटाच्या आसपास पुरे. खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची. तळाला व बाजूंना भोके पाडावीत, खाली विटा ठेवून पेटी उचलून घ्यावी. विटांऐवजी पाय असतील तर ते पाण्याच्या वाटीत ठेवावेत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत.

आत नारळाचा काथ्या, वाळला पाला व फाडलेली वर्तमानपत्रे यांचे अंथरूण घालावे. त्यात जुने शेण मिसळावे. ताजे शेण तापते. हे सर्व भिजवून इतके ओले ठेवावे की मुठीत दाबले असता एखाद-दुसरा थेंब गळेल. त्याहून अधिक नको. वर ओले गोणपाट. पेटी सावलीत असावी.

आठ दिवस ती तशीच राहू द्यावी, मग गांडुळे सोडावीत. पहिल्या दिवशी अन्न देण्याची घाई करू नये. नव्या घरी आलेल्याला आधी घर कळू द्यावे.

४. काय, किती, कसे

*द्यावे :* भाजीचे देठ व साली, केळ्याची साल, दुधी-भोपळ्याचा गर, फुलांचे निर्माल्य, चहाचा चोथा. आपल्या चहात दूध-साखर असते, म्हणून चोथा धुऊन घ्यावा. अंड्याची कवचे वाळवून कुटून द्यावीत. त्यांनी आंबटपणा कमी होतो व गांडुळाच्या पोटातील दळणालाही मदत होते.

*थोडेच द्यावे :* लिंबू-संत्र्याच्या साली, कांदा, लसूण, मिरची, शिळा भात व पोळी.

*देऊ नये :* मांस, मासळी, दूध-दही, तेलाचे पदार्थ, लोणचे, पापड व मिठाचे काहीही. मीठ गांडुळाच्या ओल्या कातडीला फारच बाधते.

*किती :* अर्धा किलो गांडुळे आणली, तर पहिले काही आठवडे दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅमपेक्षा अधिक देऊ नये. पुढे गांडुळे रुळली की हळूहळू त्यांच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे पाव किलोपर्यंत, जाता येते. रोज द्यावे असेही नाही. मागचे संपले का, हे उकरून पाहावे. संपले नसेल तर त्या दिवशी हात आवरावा.

*कसे :* बारीक चिरून, एका कोपऱ्यात पुरून, वरून सुका कागद किंवा पाला. पुढच्या वेळी दुसरा कोपरा. उघडे ठेवले की चिलटे आलीच.

५. आमची चूक

आता आमची गोष्ट. आम्ही पहिली पेटी २०२१ च्या सप्टेंबरात मांडली. तीन महिने ती उत्तम चालली. येईल त्या पाहुण्याला आम्ही गोणपाट उचलून दाखवू लागलो.

नाताळात घरी बरीच माणसे जेवायला होती. दुसऱ्या दिवशी पातेलेभर पुलाव उरला, त्यात मटणाचा रस्सा मिसळलेला, आणि टोपलीभर संत्र्याच्या साली. अन्न वाया जाऊ नये असे आम्हांला मनापासून वाटत होते. "गांडुळांचाही नाताळ होऊ दे," असे म्हणून आम्ही ते सर्व पेटीत ओतले, आणि उंदीर येऊ नयेत म्हणून वर झाकण घट्ट बसवले.

तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला. चौथ्या दिवशी शेजारच्या काकू दारात आल्या आणि संकोचून म्हणाल्या, "भाऊ, तुमच्याकडे काही सडलंय का हो?" झाकण उघडले तो गांडुळांचे पुंजकेच्या पुंजके झाकणाला लटकलेले. कित्येक भोकांतून बाहेर पडून गॅलरीच्या फरशीवर सुकून गेली होती. मध्ये हात घातला तर भात गरम लागला. बाहेर डिसेंबरची थंडी होती, आत भट्टी पेटली होती, आणि हवेची वाट आम्हीच बंद केली होती. निम्म्याहून अधिक गांडुळे मेली.

आमच्या आईने ते पाहिले. ती एवढेच म्हणाली, "तान्ह्या मुलापुढे पंक्तीचं ताट वाढलंस. दुसरं काय होणार?"

त्या वाक्याने आम्हांला आमची चूक कळली. आम्ही त्या दिवशी गांडुळांना भरवले नव्हते. आम्हांला जे घरात नको होते ते त्यांच्यावर टाकले होते, आणि टाकताना आपण काही चांगले करीत आहोत अशी मनाची समजूत घातली होती. भरवणारा समोरच्याचे पोट पाहतो. टाकणारा आपले पातेले रिकामे झाले की नाही एवढेच पाहतो.

मग आम्ही काय केले, तेही सांगितले पाहिजे, कारण अशी वेळ आपणांवरही येऊ शकेल. सर्व भात व साली उचलून काढल्या. उरलेली गांडुळे सावलीत वर्तमानपत्रावर पसरून वेचून घेतली. नवे अंथरूण घातले, कुटलेली कवचे मिसळली, आणि दहा दिवस काहीही दिले नाही. जुन्या अंथरुणातील कोश वेचून आत ठेवले. मार्चपर्यंत पेटी पुन्हा भरली.

६. उन्हाळा आणि पावसाळा

आपल्या माळव्यात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. त्या दिवसांत पेटी घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात घ्यावी, गोणपाट दोनदा भिजवावे व अन्न कमी करावे. पावसाळ्यात उलट काळजी : पाणी आत शिरू देऊ नये, सुका कागद अधिक घालावा. मुंग्या दिसल्या तर पेटी कोरडी पडली आहे. आंबूस वास आला तर अन्न किंवा पाणी जास्त झाले आहे. चांगल्या पेटीला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो.

अडीच-तीन महिन्यांत खत तयार होते. काढण्याच्या आधी दोन आठवडे पेटीच्या एकाच बाजूला अन्न द्यावे. गांडुळे तिकडे सरकतात. दुसऱ्या बाजूचे खत काढून उजेडात लहान ढीग करावा. राहिलेली गांडुळे उजेडाला भिऊन खाली जातात, वरचे खत अलगद उचलता येते. कुंडीला दोन मुठी पुरतात.

७. मग गाडी असताना पेटी कशाला?

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येऊ. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी घातले, आणि इंदूरने ते मनावर घेतले. देवगुराडिया येथे दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस व खत करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. ही लहान गोष्ट नव्हे. तेव्हा गाडीला नावे ठेवून पेटी मांडू नये. पेटीत न मावणारे, पुलाव व मटण धरून, गाडीतच जावे.

पण गाडी कितीही मोठी असली तरी ती आपल्याला एक गोष्ट शिकवीत नाही. गाडीत टाकलेले आपल्या डोळ्यांआड जाते. किती टाकले याची आठवणही राहत नाही. पेटी रोज सांगते : आज तुम्ही जास्त आणलेत. आम्ही चार महिन्यांत मोजून स्वयंपाक करू लागलो, तो कोणाच्या उपदेशाने नव्हे, तर पाव किलोच्या त्या मर्यादेने. शिवाय, आपल्या हाती सोपवलेल्या, मुक्या व आंधळ्या जिवाचे पोट पाहून हात आवरण्याची सवय लागते. ही सवय ज्याला लागली, तो माणसांना देतानाही आपल्याला नको असलेले त्यांच्यावर टाकणार नाही, अशी आम्हांला आशा आहे.

त्या भगिनीने अद्याप पेटी घेतलेली नाही. परंतु मागच्या महिन्यात त्यांनी चहाचा धुतलेला चोथा डब्यात भरून आमच्याकडे पाठविला, आणि सोबत निरोप, "थोडाच पाठवतेय. मागचा संपला असेल तरच घाला."

वर्गात चर्चेसाठी

१. ढीग आणि पेटी यांतील मुख्य फरक कोणता?

२. गांडूळ ताजी साल का खाऊ शकत नाही? यावरून अन्न देण्याची गती कशी ठरवाल?

३. पेटीला आंबूस वास आला, तर प्रथम काय कराल?

४. 'टाकणे' आणि 'भरवणे' यांतील फरक आपल्या घरातील दुसऱ्या एखाद्या उदाहरणाने सांगा.

गृहपाठ : गांडुळे आणण्यापूर्वी सलग सात दिवस घरातील ओला कचरा तोलून वहीत लिहा. आठव्या दिवशी वही उघडून घरातील सर्वांनी मिळून ती वाचावी.