‘४८३ डीएल’ म्हणजे काय?

प्रश्न : आमच्या जुन्या टाटा सुमोच्या इंजिनावर ‘४८३ डीएल’ असे आहे. हे सीसी का? इंजिन मूळचेच आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर : हा सीसीचा आकडा नव्हे. ४ म्हणजे सिलिंडर, ८३ म्हणजे मिलिमीटरमधील बोअर. ९० मिमी स्ट्रोक धरता क्षमता १९४८ सीसी भरते. पुढे ‘टीसी’ असल्यास इंजिन टर्बोचे. टर्बो एक्झॉस्ट मॅनिफोल्डला लागूनच दिसतो. इंजिन मूळचे आहे का हे तपासताना लक्षात घ्या, इंजेक्शन पंप बदललेला असू शकतो, त्यामुळे त्यावरची प्लेट पुरावा नव्हे. ब्लॉकवर ठोकलेला नंबर महत्त्वाचा. तो डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून आरसी बुकाशी ताडावा. पॉलिश पेपर घासू नये, आकडे पुसट होतात. नंबर न जुळल्यास घाबरू नये. इंजिन रीतसर बदललेले असू शकते. मात्र बिल आणि आरटीओची नोंद पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.