किलोवर काय, नगावर काय

अगं, आई-बाबांचं घर रिकामं करायचंय म्हणून सगळं एका टेम्पोत भरून भंगारात पाठवावंसं तुला वाटतंय, ते मला कळतं. एकेक वस्तू हातात घेतली की जीव गलबलतो, त्यापेक्षा एकदाचं संपलेलं बरं वाटतं. पण थोडी थांब. आधी तीन ढीग कर: किलोवर जाणारं, नगावर जाणारं आणि घरातून जाणारच नाही ते. हे ढीग तुझ्या हातांनी लागले, की बाजारात तुला कुणी सहज गुंडाळू शकणार नाही.

रद्दी, पोचे पडलेली पातेली, बंद पडलेला मिक्सर खुशाल किलोवर दे. पण समई, अडकित्ता, पानाचा डबा, पितळी बंब त्यात टाकू नकोस. मोडीत फक्त धातूचा भाव मिळतो, घडणीचे पैसे कुणी देत नाही. आईच्या जुन्या जरीच्या साड्या बोहारणीपुढे मांडण्याआधी पारख असलेल्याला दाखव. जरीत खरी चांदी निघाली, तर तिचं मोल वेगळं. आणि पुस्तकं देताना एकूण एक झटकून बघ. बाबा पावत्या, फोटो, पत्रं सगळं पुस्तकातच ठेवायचे.

आता रेकॉर्ड. त्या किलोवर मुळीच जाता कामा नयेत. जड, ठिसूळ, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं वाजणाऱ्या त्या ७८ आरपीएमच्या, लाखेच्या. हातून पडली की तुकडेच. लवचीक आणि मोठ्या त्या एलपी. दोन्ही वेगळ्या ठेव आणि उभ्याच ठेव. एकावर एक रचल्या तर खालच्या ७८ तडकतात, एलपी वाकतात. गाडीच्या डिकीत उन्हात तर अजिबात नको. पावसाळ्यात धरलेली बुरशी मऊ, किंचित ओल्या फडक्याने खाचांच्या दिशेने गोल पुसून काढ, मधलं लेबल कोरडं राहू दे. ७८ला स्पिरिट लावू नकोस, त्यात लाख विरघळते.

मग एकेक रेकॉर्ड कडेने धरून ट्यूबलाइटखाली तिरकी कर, चरे लगेच दिसतील. वहीत गायकाचं नाव, कंपनी, लेबलवरचा नंबर आणि अवस्था लिही. एलपीचं कव्हर फाटकं असलं तरी फेकू नकोस, त्याच्यासकट किंमत ठरते. गाजलेल्या सिनेमांच्या रेकॉर्ड पुष्कळ घरांत असतात, म्हणून त्यांना फार भाव येईलच असं नाही. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांच्या जुन्या ७८ मात्र संग्राहकाला दाखवल्याशिवाय देऊ नकोस. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही अशा जाणकारांचीच संस्था.

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पहिल्या खेपेला रिकाम्या हातांनी जा. आपल्यासारख्याच वस्तूंचे भाव नुसते विचार. तिथला दुकानदार तुला त्याहून कमीच देणार. त्यालाही जागा, हमाली आणि माल पडून राहण्याचा खर्च असतो. तेव्हा रागावू नकोस, पण "तुम्हीच सांगा कितीला घेता" असंही म्हणू नकोस. आपला आकडा आधी ठरवून ठेव आणि त्याखाली कुठवर उतरायचं तेही. "सगळा लॉट द्या, एकरकमी देतो" म्हणाला, तर वही उघडून बेरीज कर, मग बोल. सोबत कुणाला तरी ने. सुट्टे पैसे ठेव. फोनवर पैसे घेतलेस तर ते खात्यात आल्याचं स्वतः बघ. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, कुणी मागितला तर व्यवहार तिथेच मोड.

आणि तिसऱ्या ढिगाबद्दल माझं एक ऐक. हाताने नावं लिहिलेल्या कॅसेट ऐकल्याशिवाय बाहेर काढू नकोस. आजीच्या ओव्या, बाबांचा आवाज त्यांत असेल, तर तो जगात दुसरीकडे कुठेही नाही. आधी फोनवर उतरवून घे. बाकीच्या वस्तू जाऊ देताना मनाला लावून घेऊ नकोस. ऐकणाऱ्याच्या घरी गेलेली रेकॉर्ड माळ्यावर धूळ खाण्यापेक्षा कितीतरी सुखात असते, आणि आई-बाबांनाही ते आवडलंच असतं.

वही लिहून झाली की पानांचे फोटो मला पाठव. आकडे आपण दोघी मिळून ठरवू.