रंग उजळला तेव्हा मी आजारी होते

रंग उजळवणाऱ्या मलमांनी पुढं काय होतं, हे आता पुष्कळ जणींनी ऐकलेलं असतं. त्याआधी काय होतं, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पहिले पंधरा दिवस मलमाचा खरंच गुण येतो, सगळं घर खूश होतं आणि पोरगी त्यातच अडकते. मला सांगायचंय ते या पंधरा दिवसांबद्दल.

मी परळीची. वडील तिथल्या थर्मल वीजकेंद्रात नोकरीला होते. आमच्या घरात माझ्या रंगावरून वाईट हेतूनं कुणी कधी बोललं नाही. आत्या म्हणायची, "पोरगी गुणाची हाय, रंगानं जरा दबलीय एवढंच." लग्नाच्या बायोडेटात उंची, शिक्षण, रास, नाडी यांच्या खाली 'वर्ण' अशी एक ओळ होती. तिथं काय लिहायचं यावर संध्याकाळ-संध्याकाळ खल चालायचा. सावळा लिहिलं तर पाहुणे यायचेच नाहीत, गोरा लिहिलं तर आल्यावर पंचाईत. शेवटी 'निमगोरा' लिहिलं. बघून गेलेले पाहुणे "कळवतो" म्हणायचे, आणि मग कळवायचेच नाहीत. अशात ओळखीच्या एका वहिनींनी मला मलमाची ट्यूब आणून दिली. चिठ्ठी नव्हती, डॉक्टरांना दाखवणं नव्हतं. दुकानात नाव सांगितलं की ती मिळत होती.

रात्री लावायची, सकाळी धुवायची. थोड्याच दिवसांत गाल तुकतुकीत झाले, डाग फिके पडले. श्रावणी सोमवारी वैद्यनाथाच्या रांगेत उभी होते, तर शेजारच्या काकूंनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. "काय गं, उजळलीस!" त्या म्हणाल्या. तोवर माझ्या चेहऱ्याकडं बघून कुणी असं हसलं नव्हतं. त्या एका वाक्यासाठी मी पुढं किती तरी ट्यूबा संपवल्या.

उन्हाळा आला तशी आग सुरू झाली. उन्हात गेलं की तोंड लालबुंद व्हायचं, गॅसपुढं उभं राहवेना. गालांवर बारीक लव वाढली, हनुवटीवर पुटकुळ्या आल्या, नाकाच्या दोन्ही बाजूंना तांबड्या शिरा दिसायला लागल्या. मलम बंद केलं की दोन-चार दिवसांत चेहरा सुजायचा आणि सोलल्यासारखा व्हायचा. पुन्हा लावलं की शांत. घरातल्यांना वाटलं, बंद केल्यानं त्रास होतोय, म्हणजे औषध चांगलंच असणार. मलाही तेच वाटलं.

त्वचेच्या डॉक्टरांनी आधी ट्यूब मागितली, चेहरा मग पाहिला. तिच्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन होतं. वांगावर डॉक्टर हे मिश्रण देतात, पण थोडे आठवडे आणि स्वतःच्या देखरेखीखाली. त्यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड. ते त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसवतं, सूज दाबतं, रंग तयार करणाऱ्या पेशींचं काम मंदावतं, म्हणून चेहरा उजळ दिसतो. महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, तिला त्याची सवय लागते आणि बंद केलं की ती भडकते. दुकानांत मिळणाऱ्या काही मलमांत बीटामेथासोन किंवा याहून जोरकस क्लोबेटासोल असतं. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची सूट काढून घेतली. तरी गावोगावी ती नुसत्या नावावर मिळतात, ही संतापाची गोष्ट आहे.

बरं व्हायला बरेच महिने लागले. आग कमी होत गेली, शिरा पुसट झाल्या आणि हळूहळू माझा मूळचा सावळा रंग परत आला. नातेवाइकांत कुजबुज झाली, "पुन्हा काळवंडली पोरगी." डॉक्टर मात्र म्हणाले, "आता कातडी जागेवर आली." या दोन वाक्यांतलं कोणतं धरून जगायचं, ते मला तिथं कळलं. ज्या दिवसांत मी सगळ्यांना सुंदर दिसत होते, त्या दिवसांत मी आजारी होते. आपलं शरीर आवडून घेण्याबद्दल मी पुस्तकात वाचलेलं काही सांगत नाही. माझा रंग परत आला म्हणजे मी बरी झाले, इतकं ते साधं होतं.

रंग बनवणाऱ्या पेशी गोऱ्या माणसात आणि सावळ्या माणसात साधारण सारख्याच असतात. फरक पडतो तो त्या किती मेलॅनिन बनवतात यानं, आणि हे मेलॅनिन उन्हातल्या अतिनील किरणांपासून कातडीला राखतं. मराठवाड्याच्या उन्हात आपल्याला ते हवंच. आमच्या भागातल्या ऊसतोड घरांतल्या पोरी फडावरून परत येतात आणि लगेच लग्नसराई लागते. चार-पाच महिने कोयता चालवलेल्या पोरीनं महिन्याभरात उजळावं, ही अपेक्षाच मुळात क्रूर आहे.

स्टेरॉइडपेक्षाही भयंकर आहे तो काही क्रीममधला पारा. २०२२ मध्ये अकोल्यात एका घरातल्या तिघी, एक विद्यार्थिनी, तिची आई आणि मोठी बहीण, स्थानिक ब्युटिशियनकडची क्रीम लावून मूत्रपिंडाच्या आजारानं खंगल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात उलगडा झाला: क्रीममध्ये पारा होता. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे १५ रुग्ण आढळले, त्यातले १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. आपल्या कायद्यात अशा क्रीममध्ये पाऱ्याचा मागमूसही दहा लाखांत एका भागापलीकडं चालत नाही. डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता किंवा घटकांची यादी नसेल, किंवा 'सोन्या-चांदीला लागू देऊ नका' असं लिहिलेलं असेल, तर ती तोंडाजवळ नेऊ नका. क्रीम लावणारीच्या पायांवर, डोळ्यांखाली सूज दिसली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर लघवी आणि रक्त लगेच तपासून घ्या.

१९७५ पासून घराघरांत पोचलेल्या गोरेपणाच्या एका क्रीमनं २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून टाकला. त्याच वर्षी शादी डॉट कॉमनं रंगानुसार स्थळं निवडायची सोय बंद केली. आपल्या बायोडेटातली 'वर्ण' ही ओळ मात्र अजून शाबूत आहे. ती खोडायला कायदा लागत नाही, पोरीच्या बापानं पेन उचललं तरी पुरे.

आणि आत्या, काकू, वहिनींनो, पोरीचा चेहरा अचानक उजळला तर कौतुकाआधी एवढंच विचारा, "काय लावतेस गं?" तिनं ट्यूब दाखवली तर रागावू नका, ती फेकूही नका. मलम एकदम बंद करायचं की हळूहळू, ते डॉक्टर ठरवतील, आणि त्यासाठी त्यांना ट्यूब बघावी लागेल. मधल्या काळात ब्लीच, फेशियल, घरगुती लेप काहीही लावू देऊ नका. परळीहून अंबाजोगाई लांब नाही. तिथं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. ट्यूब पिशवीत टाका आणि पोरीला घेऊन उद्याच जा.