शिकेकाई, साबण आणि बोअरचे पाणी

निगडीहून मोशीच्या नव्या सोसायटीत राहायला गेलेल्या नववीतल्या एका विद्यार्थिनीने मला एक कोडे घातले. तिचे केस चांगले कमरेपर्यंत. निगडीला असताना ती शिकेकाईच्या साबणाच्या वडीने न्हात असे, मोशीतही त्याच वडीने न्हाऊ लागली. पण दोन महिन्यांत केस चिकट आणि राठ झाले, कंगव्याच्या दातांत पांढुरका मळ अडकू लागला. साबण तोच, डोके तेच. मग बिघडले काय?

तिने उत्तर स्वतःच शोधले, आणि तिथेच घोटाळा झाला. ‘दुष्फेन पाण्यात धुण्याचा सोडा घातला की ते सुफेन होते’ हे वाक्य तिने पुस्तकात वाचलेले होते. बाईंनी बादलीत मूठभर सोडा टाकला! फेस तर भरपूर आला. परंतु न्हाणे झाल्यावर टाळू चुरचुरू लागली आणि वाळल्यावर केस सुंभासारखे झाले. पुस्तक खोटे बोलले नव्हते. मग चुकले कुठे, ते आपण पाहू.

आधी पाण्याकडे वळू. पिंपरी-चिंचवड महापालिका पवना नदीचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यातून उचलते आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध करून नळाला सोडते. हे मूळचे मावळातल्या पावसाचे पाणी. खडकाशी त्याचा फार सहवास झालेला नसतो. बोअरच्या पाण्याचे तसे नाही. ते आपल्या काळ्या बेसॉल्टच्या भेगांतून वर्षानुवर्षे झिरपते आणि वाटेत कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला आणि नव्या वस्त्यांची भिस्त बोअर व टँकरवर वाढली. चाकणच्या बाजूच्या अनेक गावांत तर बोअर हा जुनाच सोबती. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे एकूण दुष्फेनता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही न्हाण्यास त्रासदायक असू शकते, बरे का!

आता प्रयोग. झाकणाच्या तीन सारख्या बाटल्या घ्या. पहिलीत नळाचे पाणी, दुसरीत आणि तिसरीत बोअरचे पाणी अर्धी बाटली भरा. पहिल्या दोन बाटल्यांत अंगाच्या साबणाचा नखाएवढा सारखा तुकडा विरघळवा. तिसरीत शिकेकाईचा गाळलेला काढा दोन चमचे घाला. प्रत्येक बाटली वीस वेळा हलवा व पाच मिनिटे ठेवून द्या. पहिलीत फेस टिकेल. दुसरीत फेस थोडा, पण दुधी पाण्यावर दह्यासारखा साका तरंगताना दिसेल. साबण म्हणजे मेदाम्लांचा सोडियम क्षार. कॅल्शियम भेटताच मेदाम्ल सोडियमला सोडून त्याचा हात धरते, आणि हा नवा क्षार पाण्यात विरघळत नाही. हाच तो कंगव्यातला मळ!

तिसऱ्या बाटलीत काढ्याच्या रंगाचा फेस दिसेल, साका मात्र नाही. शिकेकाईच्या आणि रिठ्याच्या फळांत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे शर्करेचे टोक पाण्याला. मेदाम्लाचा सोडियम क्षार इथे नाहीच, त्यामुळे कॅल्शियम येऊनही साक्याचा प्रश्न उद्भवत नाही. मुलीच्या कोड्याचा अर्धा उलगडा येथे झाला. शिकेकाईचा साबण हा आधी साबण, मग शिकेकाई. वडीवरच्या नावाने बोअरचे पाणी फसत नाही.

उरलेला अर्धा भाग सोड्याचा. धुण्याच्या सोड्याने कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात खाली बसते व पाणी सुफेन होते, हे खरे. पण उरलेला सोडा पाण्यात राहतोच आणि पाणी अल्कधर्मी होते. त्याचा सामू ११ च्या आसपास जाऊ शकतो. सुती कपड्याला त्याचे काही वाटत नाही, कारण कापूस म्हणजे सेल्युलोज. केस हे केरॅटिन या प्रथिनाचे. त्याच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. सामू सुमारे ३.७ च्या वर जसजसा चढतो, तसतसा या पृष्ठभागावर ऋण विद्युत्प्रभार वाढतो. केस एकमेकांना ढकलतात, फुगतात, कौले उचलली जातात, आणि मग कंगवा अडतो. टाळूच्या त्वचेचा सामू ५.५ च्या जवळपास असतो, म्हणून चुरचुर.

स्वयंपाकघरातले कोणते पदार्थ कुठल्या बाजूचे, हे ओळखायला जास्वंदीचे फूल पुरेसे आहे. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवा. हे पाणी लिंबूरसात वा ताकाच्या निवळीत गडद गुलाबी होते, साबणाच्या पाण्यात आणि सोड्यात हिरवट. शिकेकाईचा काढा फार पातळ करून तपासा, नाहीतर त्याचा तपकिरी रंग आड येतो. तो हिरव्या बाजूला जात नाही, कारण तो सौम्य आम्लधर्मी असतो. आजीबाई जास्वंद केसांना लावीत. तिचा असाही उपयोग होतो हे पाहून त्यांनाही गंमत वाटली असती.

मग त्या चिकट केसांचे काय करायचे? एका तांब्याभर पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस, यापेक्षा जास्त नको. आम्लामुळे साक्यातले कॅल्शियम सुटे होते, मागे मेदाम्ल राहते, आणि ते शिकेकाईच्या काढ्याने धुतले जाते. चार-पाच शेंगा रात्री दोन कप पाण्यात भिजवायच्या, सकाळी मंद आचेवर उकळून फडक्याने गाळायच्या. लोखंडी कढई घेतली तर काढा काळा पडतो. तो शेंगांतल्या टॅनिनचा आणि लोहाचा संयोग. काढा दोन दिवसांत आंबतो, म्हणून ताजाच करावा. रिठा डोळ्यांत गेला तर भयंकर झोंबतो. लहान भावंडांच्या डोक्याला लावताना जपा. बाजारचा शांपूही चालेल. त्यातली अपमार्जके बोअरच्या पाण्यातही साबणासारखा साका करीत नाहीत. केवळ ‘रसायन’ म्हणून त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. सॅपोनिन तरी काय आहे?

भोसरीच्या वर्कशॉपमधून घरी येणारे कितीतरी कामगार केसांतले मशीनचे तेल काढायला कपड्यांची पावडर वापरतात. तीच सोड्याची चूक. आधी थोडे खोबरेल चोळावे, तेलात तेल मिसळते, मग रिठा किंवा शांपू. खोबरेलात लॉरिक आम्ल भरपूर असते आणि त्याचा आखूड, सरळ रेणू केसाच्या आत शिरतो. न्हाण्याआधी खोबरेल लावल्यास केसांतले प्रथिन कमी धुपते, सूर्यफुलाच्या वा खनिज तेलाने तसे होत नाही, असे २००३ साली एका अभ्यासात दिसले. तो खोबरेल विकणाऱ्या कंपनीतील संशोधकांनीच केला होता, हेही ध्यानात ठेवावे. अभ्यंगस्नानात आधी तेल व मग उटणे हा क्रम मात्र त्याच्याशी जुळतो.

बेसन तेल शोषते, मेथीचा बुळबुळीत लेप केसांवर पातळ थर देऊन ते मऊ करतो. अंडे लावले तर गरम पाणी नको, डोक्यावर ऑम्लेट होईल! चाकणचा कांदा बाजारात प्रसिद्ध, आणि कांद्याच्या रसाने केस उगवतात अशीही बोलवा आहे. २००२ साली बगदादच्या डॉक्टरांनी चाई पडलेल्या थोड्या रुग्णांवर तो वापरला व बऱ्याच जणांना केस आले. पण चाई हा वेगळा विकार आहे. नेहमीच्या केसगळतीला तो पुरावा लागू होत नाही.

आणि बोअरच्या पाण्याने केस मुळातून गळतात का? कोइमतूरला २०१३ साली केस महिनाभर वेळोवेळी दुष्फेन पाण्यात बुडवून त्यांची ताकद मोजली, तेव्हा विशेष फरक आढळला नाही. पुढच्या काही तपासण्यांत मात्र केस कमजोर झालेले आढळले. तुटणे आणि मुळातून गळणे या दोन गोष्टी वेगळ्या. रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. त्याहून बरेच जास्त गळत असतील तर लेपाऐवजी रक्तातले लोह तपासून घ्यावे. मुलींमध्ये ते हमखास कमी पडते.

त्या मुलीने पुढे आणखी एक बाटली वाढवली. बोअरचे पाणी दहा मिनिटे उकळून, गार करून, वरचे निवळ घेतले. त्यात साका कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. उकळल्याने बायकार्बोनेट गेले, सल्फेट आणि क्लोराइड राहिले. चाकणच्या कारखान्यांत बॉयलरला पाणी देण्यापूर्वी ते रेझिनच्या टाकीतून का नेतात, हे विचारायला ती आता शेजारच्या काकांकडे गेली आहे. तुमच्या गावच्या पाण्यात किती साका निघाला, ते बाटलीवर पट्टी लावून मोजा आणि आम्हांला कळवा.