एमसीबी वायरला वाचवतो, तुम्हाला नाही!

जालन्यात थंडी पडली की हॉस्टेलच्या बादलीत रॉड पडलाच समजा. मित्रांनो, हिशेब करू. 1500 वॅटचा रॉड 230 व्होल्टला साधारण 6.5 अँपिअर करंट घेतो. छोटं सॉकेट असतं 6 अँपिअरचं. म्हणून पिन तापते, प्लॅस्टिक वितळतं, आग लागू शकते.

"एमसीबी आहे की!" म्हणाल. पण 30 मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट अंगातून गेला तर जीव जाऊ शकतो, आणि तेवढ्यानं 16 अँपिअरचा एमसीबी हलतसुद्धा नाही. तिथं 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (आरसीसीबी) हवा. तो क्षणात सप्लाय तोडतो. त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघा.

रॉड अर्थिंग असलेल्या 16 अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. आणि पाणी तापलं का बघायला बोट घालण्याआधी स्विच बंद करून प्लग काढा!