पैठण दरवाजातून आत, दिल्ली दरवाजातून बाहेर

बाकू, तिबिलिसी, येरेवान ही नावं आता पुण्या-मुंबईच्या भटक्यांच्या तोंडी सहज येतात. चार दिवसांची सुट्टी, फारशी गर्दी न झालेली एखादी राजधानी, जुन्या वस्तीत मुक्काम आणि दिवसभर पायी हिंडणं. तिबिलिसीला गेलेला माणूस अबानोतुबानीत गंधकाच्या पाण्याच्या हमामात बसतो, नारिकाला किल्ल्यावर चढतो, गल्ल्यांतले लाकडी सज्जे बघत फिरतो आणि परतल्यावर महिनाभर तेच सांगत राहतो. हाच माणूस छत्रपती संभाजीनगरला येतो तेव्हा मात्र स्टेशनावरूनच वेरूळची गाडी ठरवतो. दुसऱ्या दिवशी अजिंठा. वाटेत वेळ उरला तर अर्धा तास बीबी का मकबरा. शहर म्हणजे त्याच्या लेखी रात्री पाठ टेकायची जागा.

वेरूळ-अजिंठ्याला कोण नावं ठेवेल? पण ती लेणी कुठं पळून जात नाहीत. एक फेरी नुसत्या शहरासाठी राखून ठेवा, कारण या परिसराइतक्या वेळा राजधानी झालेलं आणि राजधानी उठून गेलेलं ठिकाण महाराष्ट्रात दुसरं सापडणं कठीण. यादवांच्या भिल्लमानं 1187 मध्ये देवगिरीला बस्तान बसवलं. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी उचलून तिथंच आणली, दौलताबाद असं नाव दिलं आणि पुढे परत नेली. 1347 मध्ये बहमनी राज्य दौलताबादेतच जन्मलं आणि लगेच गुलबर्ग्याला गेलं. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झालेला मलिक अंबर यानं 1610 मध्ये खडकी वसवली, हेच आजचं शहर. 1653 मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबानं तिला आपलं नाव दिलं. त्यानंतर निजामांची आसफजाही आली आणि 1763 मध्ये तिनं दरबार हैदराबादला हलवला. दरबार गेले, पण दरवाजे, नहरी आणि बाजार इथंच राहिले. दोन दिवस बघायचं आहे ते हे.

यायचं कधी? ऑक्टोबर ते फेब्रुवारी. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगर हिरवे असतात, पण किल्ल्यावरचा दगड निसरडा होतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि बेसॉल्टचा डोंगर दुपारभर तापलेला राहतो, तेव्हा पायी फिरायचा हट्ट नको. मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेस रात्री सुटून पहाटे पोचवते. तिकीट काढतानाच लॉजवाल्याशी फोनवर बोलून पहाटे खोली मिळेल का आणि तिचं भाडं वेगळं पडेल का ते ठरवून घ्या. वंदे भारत आणि जनशताब्दी दिवसाच्या आहेत. पुण्याहून अहिल्यानगरमार्गे सुमारे 235 किलोमीटर, एसटीला सहा तास धरा. स्वतःची गाडी असेल तर समृद्धी महामार्ग शहराजवळून जातो, पण शहरात शिरल्यावर ती गाडी लॉजखाली लावून विसरून जा. दरवाजांच्या कमानी हत्ती जावेत म्हणून बांधलेल्या असल्या, तरी आजच्या रिक्षांना त्या पुरत नाहीत.

मुक्काम स्टेशन रोडला किंवा सिडकोत स्वस्त आणि मस्त मिळतो, तरी माझं मत समर्थनगर, निराला बाजार, औरंगपुरा या पट्ट्याला. तिथून जुनं शहर पायी गाठता येतं. खोली घेताना पाण्याचं विचारा. शहराला जायकवाडीचं पाणी येतं, पण नळाला दिवसाआड येईल अशीही खात्री नसते. चांगल्या लॉजची भिस्त टँकरवर असते.

पहिला दिवस तटाच्या आतला. सकाळी साडेसातला पैठण दरवाजाशी उभं राहा. नावाप्रमाणे हा पैठणच्या वाटेवरचा, तर दिल्ली दरवाजा उत्तरेला, दिल्लीच्या वाटेवरचा. एकातून आत शिरून दुसऱ्यातून बाहेर पडायचं, अंतर तीनेक किलोमीटर. न थांबता तासाभराचं काम, पण थांबायला चार तास लागतात. औरंगजेबानं 1682 मध्ये मराठ्यांच्या धास्तीनं तट बांधायला घेतला. गावाला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात खरं, पण मोजत बसू नका. काही पडलेत, काही रस्तारुंदीत गेलेत.

पैठण दरवाजातून गुलमंडीकडे वळा. सुपारी हनुमान, मच्छली खडक, मग सिटी चौक. दुकानांची शटर दहानंतर वर जातात, त्यामुळे सकाळी तुम्हाला पाट्यांच्या वर असलेली घरं दिसतात: नक्षीचे लाकडी खांब, लोखंडी कठड्याचे सज्जे, निजामकाळातल्या कमानी. हाच रस्ता संध्याकाळी सहाला पुन्हा चालून बघा. तेव्हा वर बघायची सोय नसते, गर्दी तुम्हाला आपोआप पुढं नेते. सिटी चौकातून सराफा आणि पुढे शहागंज. तिथला घड्याळाचा मनोरा निजामकाळातला, बाजूला जुनी मशीद आणि भोवती कापड, अत्तर, भांडी, सुकामेवा. राजाबाजारात संस्थान गणपती, शहराचं ग्रामदैवत. मशीद आणि हे मंदिर यांच्यातलं अंतर हाकेचं. रिक्षावाला बोलायला सुरुवात दखनीत करेल, तुम्ही मराठीत उत्तर दिलंत तर तो मराठीवर येईल, पण भाडं आधी ठरवा. दोन्ही भाषांत.

शहागंजहून उत्तरेला किल्ले अर्क. औरंगजेबाच्या वाड्याचा परिसर, आज बराचसा पडझडीत आणि एका भागात सरकारी महाविद्यालय. रंगीन दरवाजा, काळा दरवाजा, नौबत दरवाजा हे सगळे याच्याच आसपास. राजधानी उठून गेली की काय होतं ते इथं सर्वांत उघडं दिसतं. बादशहाच्या आवारात पोरांच्या दुचाकी लागलेल्या असतात आणि मला तरी त्यात काही दुःखद वाटत नाही. दिल्ली दरवाजातून बाहेर पडलात की समोर सलीम अली सरोवर आणि हिमायतबाग. पक्षी बघणाऱ्यांनी दुर्बीण आणावी आणि हा टप्पा सकाळी आधी उरकून फेरी उलटी करावी.

दुपारच्या जेवणाला नान-खलिया. मटणाचा पातळ, मसालेदार खलिया आणि तंदुरातून काढलेला जाड, पिवळसर नान. तुघलकाच्या लष्करासाठी हा पदार्थ निघाला असं शहर सांगतं. पुरावा कुणी मागत नाही आणि ताटासमोर मागूही नये. रमजानमध्ये आलात तर दिवसा जुन्या शहरात खाण्याची वानवा, रात्री मात्र बुढ्ढीलेन आणि सिटी चौक बघण्यासारखा. शाकाहारी मंडळींनी गुलमंडी परिसरात इमरती आणि कचोरीवर भर द्यावा. पान खायचं असेल तर उस्मानपुऱ्यातलं तारा पान सेंटर शहराबाहेरही ठाऊक आहे.

ऊन उतरलं की पश्चिमेकडे, खाम नदीच्या काठाला. आधी भडकल दरवाजा, मलिक अंबरानं मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून 1612 मध्ये उभारलेला. समोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, 14 एप्रिलला इथं पाय ठेवायला जागा नसते. तिथून महमूद दरवाजाला वळसा घालून पाणचक्की. बहुतेक लोक इथं धबधब्याचा फोटो काढून निघतात, आणि शहराचं मर्म तिथंच सुटतं.

मलिक अंबरानं गाव वसवताना आधी पाण्याचा हिशोब केला. उत्तरेकडच्या डोंगरांच्या पोटातलं पाणी जमिनीखालच्या नहरींतून नुसत्या उतारावर गावात आणलं. वाटेत दगडी बंबे उभे केले, त्यांतून अडकलेली हवा निघते आणि दाब सांभाळला जातो. नहरे अंबरीचा हा नमुना पुढच्या राज्यकर्त्यांनी चालवला, आणि पाणचक्कीची नहर त्याच घराण्यातली. काही किलोमीटरवरून मातीच्या नळांतून आलेलं पाणी उंच भिंतीवर चढवलंय, तिथून ते हौदात कोसळतं आणि त्याच जोरावर खालचं पात्यांचं चाक फिरून वरचं जातं फिरायचं. दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी इथं पीठ दळलं जाई. दर्गा बाबा शाह मुसाफिरांचा, म्हणजे बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानहून आलेल्या सूफीचा. मध्य आशियाची धूळ पायाला लावून आलेला माणूस दख्खनच्या नदीकाठी स्थिरावला, त्याच्या नावातच मुसाफिर. हौदाच्या तळाखाली एक दालन आहे. त्याचं छत म्हणजे हौदाचा तळ, त्यामुळे आत गारवा असतो. शेजारच्या जुन्या वडाखाली अर्धा तास बसा. उन्हाळ्यात पाणी रोडावतं, दिवाळीच्या आसपास यावं.

दुसऱ्या दिवसाचे दोन पर्याय आहेत आणि दोन्ही एकाच दिवशी कोंबू नयेत.

पहिला उत्तरेचा. उजाडताच गोगाबाबा टेकडी चढा, गावातले चालायला येणारे तुमच्या पुढं असतील. वरून खाली मकबऱ्याचा घुमट आणि पलीकडे पसरलेलं शहर दिसतं. मग औरंगाबाद लेणी. वेरूळच्या नावापुढे ही लेणी झाकली गेली आहेत, आणि त्यामुळेच तिथं शांतपणे बघता येतं. बहुतांश काम सहाव्या-सातव्या शतकातलं. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेल्या स्त्री-पुरुषांच्या जवळपास माणसाएवढ्या मूर्ती आहेत. केसांची वळणं, दागिने, हात जोडायची ढब, हे लोक कुठल्या तरी गल्लीतून उठून आलेत असं वाटतं. सातव्या लेण्याच्या दाराशी अवलोकितेश्वर उभा आहे आणि दोन्ही बाजूंना आग, साप, दरोडेखोर, पिसाळलेला हत्ती, बुडतं जहाज अशा संकटांत सापडलेली माणसं त्याला हाक मारताहेत. प्रवाशांचा हा रक्षक. गाठीशी ट्रॅव्हल इन्शुरन्स नसलेल्या व्यापाऱ्यांनी त्याला दान दिलं नसेल तर नवल. आत वादक स्त्रियांच्या घोळक्यात नाचणारी मूर्ती आहे, विजेरी नेल्याशिवाय ती दिसत नाही.

उतरून मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू 1657 मध्ये गेली. तिच्या कबरीवरची ही इमारत शहजादा आझमशहाच्या नावावर मांडली जाते, 1660च्या दशकातली. घुमट आणि जमिनीलगतचा भाग संगमरवरी, बाकी बेसॉल्टवर गुळगुळीत चुन्याचा गिलावा. ताजशी तुलना करत बसलात तर पदरी निराशा येते. गिलाव्यावरची वेलबुट्टी बघा, जाळ्या बघा, आणि मुख्य दारावर अताउल्ला या वास्तुकाराचं आणि हंसपतराय या अभियंत्याचं नाव शोधा. परतताना विद्यापीठाच्या आवारात सोनेरी महल आहे, आणि नागसेनवनात बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं 1950 मधलं मिलिंद महाविद्यालय. शहराचा नकाशा दरबारांनी आखला असेल, मराठवाड्यातल्या कित्येक घरांचं भवितव्य मात्र या आवारानं आखलं.

दुसरा पर्याय देवगिरी. वेरूळ-खुलताबादकडे जाणारी कुठलीही एसटी किल्ल्याच्या दाराशी सोडते, अंतर पंधरा किलोमीटर. सकाळी दार उघडताच चढायला लागा. पाणी दोन लिटर, विजेरी, आणि बूट घसरणारे नकोत. पंधराव्या शतकातला चाँद मिनार, चिनी महाल (गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह इथंच कैदेत होता), मेंढा तोफ, मग खंदक. खंदकाच्या पुढे डोंगराचा पायथा तासून सरळ कडा केलेला आहे, त्यातून वर जायचा रस्ता म्हणजे अंधेरी. शत्रू अंधारात चुकावा म्हणून खोदलेलं ते भुयार आज वटवाघळांच्या ताब्यात आहे. तिथं ढकलाढकली करू नका, लहान मुलांचा हात सोडू नका. वरच्या बारादरीपर्यंत सुमारे 750 पायऱ्या. माथ्यावर जनार्दनस्वामींचं स्थान. ते किल्ल्याचे अधिकारी आणि एकनाथांचे गुरू. उतरताना पायथ्याला सिताफळं, पेरू विकणाऱ्या बाया बसलेल्या असतात, हंगाम असेल तर तिथंच घ्या. उन्हं कलायला वेळ असेल तर खुलताबादला मलिक अंबरची कबर बघा. शहर वसवणाऱ्याच्या कबरीला येणारे लोक थोडेच, त्याच गावातली औरंगजेबाची साधी कबर बघायला येणारे जास्त.

तिसरा दिवस हाताशी असेल तर पैठण गाठा, पन्नास किलोमीटर. सातवाहनांचं प्रतिष्ठान, म्हणजे या पट्ट्यातली सर्वांत जुनी राजधानी तीच. नाथसमाधी, गोदाकाठचे घाट, जायकवाडीचा नाथसागर आणि पैठणीचे माग. फाल्गुनात नाथषष्ठीला दिंड्या येतात तेव्हा खोली मिळणं अवघड, त्या आठवड्यात फक्त वारी करायला जा. पैठणी घ्यायची असेल तर पदर उलटा करून बघा. हातमागावर विणलेल्या खऱ्या पैठणीला उलट बाजूलाही नक्षी तितकीच नेटकी असते, सुटे धागे लोंबत नाहीत. मागवाल्याला भाव करताना घाई करू नका. वेरूळ अगदीच सुटत नसेल तर मंगळवार सोडून ठरवा, त्या दिवशी लेणी बंद असतात, आणि अजिंठा सोमवारी.